लॅपटॉप दुरुस्त झाला, वायफाय मात्र गेले

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांचा अनुभव आमच्या कानावर आला. दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांनी तो ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांच्या लॅपटॉपची एक बिजागरी तुटली होती, म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. दोन दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला. बिजागरी मजबूत बसली होती, मजुरीही वाजवी होती. दुकानात येऊन पाहतात तो वायफाय लागेना. महिन्याची २० तारीख, जीएसटीचे ३-बी विवरण भरण्याचा शेवटचा दिवस. घाईघाईने ते जवळच्या दुसऱ्या दुकानात गेले. तेथील मुलाने "विंडोज बिघडली आहे" असे सांगून सरळ फॉरमॅट मारला. वायफाय तरीही आले नाही. मात्र हिशेबाची वर्षभराची फाईल, अडतीच्या पट्ट्या, गिऱ्हाइकांची येणी हे सारे पुसले गेले. दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नव्हती. तिसऱ्या कारागिराने खालचे झाकण उघडले तेव्हा वायफायच्या कार्डावरून निसटलेली एक काळी आणि एक पांढरी वायर बाजूला पडलेली दिसली. दोन्ही टोप्या बोटाने दाबून बसवल्या, वायफाय सुरू झाले. काम दोन मिनिटांचे होते.

पहिल्या कारागिराकडून विसर पडला. विसर कोणालाही पडतो, आणि तो दुरुस्त करता येतो. दुसऱ्याने मात्र विचार न करता हात घातला, आणि त्याची भरपाई कोणालाच करता आली नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. दुरुस्तीच्या आधी जे चालत होते आणि नंतर बंद पडले, त्याचा शोध जेथे जेथे हात फिरला तेथून सुरू करावा. फॉरमॅट हा अगदी शेवटचा उपाय समजावा, आणि तोही गिऱ्हाइकाची संमती व डेटाची प्रत घेतल्यावरच.

हा लेख सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज अशा बाजारपेठांत लॅपटॉप-मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या तरुणांसाठी आहे, तसाच आपला लॅपटॉप त्यांच्या हाती देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीही आहे. व्यापाऱ्याला स्क्रू काढायचे नसले तरी काय विचारावे, हे त्याला माहीत असलेले बरे.

कार्ड एकीकडे, अँटेना दुसरीकडे

लॅपटॉपमध्ये वायफाय सर्रास आले ते २००३ साली इंटेल कंपनीने सेंट्रिनो बाजारात आणल्यानंतर. तेव्हापासून रचना फारशी बदललेली नाही. मदरबोर्डावर एक लहानसे कार्ड खोचलेले असते. जुन्या यंत्रांत ते मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारचे, तर अलीकडच्या यंत्रांत एम-२ प्रकारचे, बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ३० मिलिमीटर लांब असते. एका बारीक स्क्रूने ते दाबून धरलेले असते. लहरी पकडणारे अँटेना मात्र ह्या कार्डावर नसतात. ते बहुतेक मॉडेलांत पडद्याच्या चौकटीत, बहुधा वरच्या कडेला, धातूच्या पातळ पट्टीच्या रूपाने चिकटवलेले असतात. काही मॉडेलांत ते कीबोर्डाच्या खालच्या भागात असतात. कार्डापासून अँटेनापर्यंत दोन बारीक वायरी जातात, आणि अँटेना वर असतील तर त्या बिजागरीजवळूनच वर चढतात.

एवढे समजले म्हणजे निम्मे निदान झाले. बिजागरी बदलताना वायर दाबली जाऊ शकते किंवा सोलली जाऊ शकते. पडदा बदलताना अँटेनाची पट्टी उखडते. पंखा साफ करताना किंवा कीबोर्ड बदलताना बोर्ड बाहेर काढावा लागतो, म्हणून दोन्ही टोप्या काढल्या जातात आणि लावायच्या राहतात. पडद्यामागचे वरचे झाकण तुटले म्हणून बाजारातून दुसरे आणले, तर त्यात अँटेना असतीलच असे नाही. नुसते प्लास्टिक मिळते, आणि जुन्या झाकणातील अँटेना जुन्या झाकणाबरोबर भंगारात जातात. झाकण विकत घेताना हे विचारून घ्यावे.

आता वायरीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक चुका येथे होतात.

मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर हा विषय आमच्यापेक्षा चांगला समजतील. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर ह्यांनी हत्यारे घडवण्याचा शिकलगारीचा पिढीजात धंदा सोडून सतार-तंबोरा घडवायला सुरुवात केली. त्यांच्या मागे ही विद्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या कारागिरांना माहीत आहे की तारेची लांबी बदलली की सूर बदलतो. अँटेनाचेही तसेच आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते, आणि लहानातला साधा अँटेना तिच्या चौथ्या हिश्शाच्या, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या हिशेबाने घडवलेला असतो. म्हणून अँटेनाची पट्टी तुटली तर हाती लागेल तो पत्रा चिकटवून भागत नाही.

वायरही साधी नसते. सुतळीहून बारीक असली तरी तिच्या पोटात मधोमध एक तार, तिच्यावर प्लास्टिकचा थर, त्यावर तारांची जाळी आणि सर्वांत वर आवरण, अशी तिची बांधणी असते. घरावरच्या डिशच्या केबलचाच तो अगदी लहान भाऊ होय. तुटलेली वायर दोन टोके पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून आम्ही पाहिली आहे. पिळताना मधली तार जाळीला लागली की लहर तेथेच मरते. डाग देऊन जोडली तरी जोडाशी गळती होतेच. तुटलेली वायर जोडत बसू नये, त्या मॉडेलचा अँटेना-वायरीचा पूर्ण जोड मागवावा. तो महाग नसतो. मात्र बसवण्यासाठी पडद्याची चौकट उघडावी लागते, म्हणून मजुरी आधीच बोलून घ्यावी.

वायरीच्या टोकाला जी सोनेरी गोल टोपी असते ती कार्डावरच्या गोल खुंटीवर दाबून बसवायची असते. बोटाला "टक्" असे जाणवले पाहिजे. तिरकी ठेवून दाबली तर टोपीचा काठ वाकतो, मग ती बसल्यासारखी दिसते पण बसत नाही. काढताना वायर धरून ओढू नये. टोपीखाली सपाट प्लास्टिकची पट्टी घालून सरळ वर उचलावी. ह्या टोप्यांचे आयुष्य फार नसते. यू.एफ.एल. नावाने ओळखली जाणारी जुनी टोपी बनवणारी कंपनी तीसेक वेळा काढण्या-घालण्याचीच खात्री देते. एम-२ कार्डांवरची टोपी तिच्याहूनही लहान आहे, म्हणून जुन्या लॅपटॉपची वायर नव्या कार्डावर बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर खुंटीच उखडते आणि कार्ड जाते.

काळी कोठे आणि पांढरी कोठे, असा प्रश्न शिकाऊ मुलांना पडतो. कार्डावर बारीक त्रिकोण किंवा १ आणि २ असे आकडे छापलेले असतात. बऱ्याच कंपन्यांत पांढरी वायर मुख्य खुंटीवर व काळी दुय्यम खुंटीवर असते, पण काही यंत्रांत रंग वेगळे असतात. खात्रीचा उपाय एकच, काढण्यापूर्वी मोबाइलने फोटो काढून ठेवावा. अदलाबदल झाली तरी वायफाय बहुधा चालतेच. मात्र पुष्कळ कार्डांत ब्लूटूथ एकाच खुंटीवरून चालते. एकच टोपी लागली असेल तर वायफाय कसेबसे चालते आणि ब्लूटूथचा माऊस हातभर अंतरावर अडखळतो, असा चमत्कारिक प्रकार दिसतो.

उघडण्यापूर्वी

गिऱ्हाईक "वायफाय गेले" एवढेच सांगते. त्यातून तीन वेगवेगळे रोग निघतात. वायफाय यंत्राला दिसतच नाही, वायफाय दिसते पण रेंज मिळत नाही, आणि रेंज पूर्ण असून संकेतस्थळे उघडत नाहीत. हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे केल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नये.

तिसरा आधी घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आहे. दुरुस्तीत बॅटरीचा प्लग काढावा लागतो. मदरबोर्डावरची घड्याळाची बटणासारखी बॅटरी, म्हणजे सीआर २०३२, संपत आलेली असेल, किंवा यंत्रात ती मुळीच नसेल, तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग वायफायला जोडणी होते, रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण बँकेचे किंवा जीएसटीचे संकेतस्थळ उघडले की "तुमची जोडणी सुरक्षित नाही" अशा अर्थाची सूचना येते. कारण प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि २०१७ सालात असलेल्या यंत्राला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते. गिऱ्हाईक म्हणते वायफाय खराब केले, आणि कारागीर राऊटरला दोष देतो. कोपऱ्यातल्या घड्याळावर नजर टाकावी आणि तारीख-वेळ हाताने बरोबर करावी. फरक फार मोठा असेल तर ती आपोआप सुधारत नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तारीख परत मागे गेली तर घड्याळाची बॅटरी बदलावी, दहा-वीस मिनिटांचे काम आहे.

याच प्रकारातला आणखी एक गुंता मदरबोर्ड किंवा कार्ड बदलल्यावर होतो. प्रत्येक वायफाय कार्डाला स्वतःचा एक कायमचा क्रमांक असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. काही संस्था, शाळा व कचेऱ्यांच्या राऊटरमध्ये ठरावीक क्रमांकांनाच प्रवेश दिलेला असतो. कार्ड बदलले की क्रमांक बदलतो आणि राऊटर ओळख दाखवत नाही. घरी चालते आणि ऑफिसात चालत नाही, अशी तक्रार आली की हे आठवावे. उपाय लॅपटॉपमध्ये नाही. ऑफिसच्या माणसाला नवा क्रमांक कळवावा.

पहिला रोग, म्हणजे वायफाय यंत्राला दिसतच नाही. येथे आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. एअरप्लेन मोड चालू राहिला आहे काय? जुन्या डेल, एचपी, लेनोवो यंत्रांच्या कडेला वायफायचा सरकता खटका असे; लॅपटॉप उलटा ठेवून काम करताना तो हमखास सरकतो. ज्या यंत्रांत तो खटका वेगळ्या लहान पट्टीवर असतो त्यांत त्या पट्टीची रिबन लावायची राहिली तरी वायफाय बंद राहते. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोसमध्ये वायरलेस बंद तर नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर यंत्रातील साठलेली वीज काढावी. चार्जर काढावा, यंत्र पूर्ण बंद करावे, बॅटरी निघत असेल तर काढावी, आणि सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरावे. हा प्रकार काहींना तोडग्यासारखा वाटेल, पण त्याला कारण आहे. बंद केलेल्या यंत्रातही कार्डाला थोडा वीजपुरवठा मिळत राहतो, आणि अडकलेले कार्ड त्या विजेवर अडकूनच राहते. वीज तुटली की ते नव्याने सुरू होते. विंडोजमध्ये 'शट डाउन' केले म्हणजे यंत्र पूर्ण बंद होते, असा समज आहे. तोही अपुरा आहे, कारण झटपट सुरू होण्यासाठी ती जुनी स्थिती साठवून ठेवते. म्हणून तपासताना 'रीस्टार्ट' करावे.

एवढे करूनही भागले नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. नेटवर्कच्या यादीत वायफायचे नाव आहे काय? नाव आहे पण पिवळी खूण आहे, तर कार्ड जागेवर आहे आणि ड्रायव्हरचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. त्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेल क्रमांक टाकून ड्रायव्हर घ्यावा. वायफायच नाही तर तो उतरवणार कसा? गिऱ्हाइकाचाच मोबाइल यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. इंटरनेट मिळते. वायरीवरून इंटरनेट ठीक चालले म्हणजे विंडोज शाबूत आहे, आणि फॉरमॅट मारण्याचे कारण उरत नाही, हेही त्याच वेळी सिद्ध होते. २० तारखेला अडकलेल्या व्यापाऱ्याचे विवरणही ह्याच वाटेने त्या दिवशी भरून घेता येते. आमच्या त्या हळदीच्या व्यापाऱ्याला हे कोणी सांगितले असते तर!

यादीत नावच नसेल तर आता ब्लूटूथकडे पाहावे. एकाच कार्डावर दोन्ही असतात, पण एम-२ कार्डात वायफाय बहुधा पीसीआयच्या वाटेने व ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेने बोर्डाशी बोलते. दोन्ही गायब असतील तर कार्ड निघालेले, अर्धवट बसलेले किंवा मेलेले असू शकते. ब्लूटूथ आहे आणि वायफाय नाही, तर कार्डाला वीज मिळते आहे एवढे नक्की. मग कार्ड काढून, दातऱ्या स्वच्छ करून नीट बसवावे. एवढ्यानेच पुष्कळदा काम होते.

आता उघडणेच आले. बॅटरीचा प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नये. कार्ड काढून सोनेरी दातऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. कार्ड तिरके खोचून मग खाली दाबावे आणि स्क्रू लावावा. स्क्रूवरून आठवले. सगळे स्क्रू एका वाटीत टाकण्याची सवय वाईट आहे. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात बसवला की तो आतून बोर्डावर दाब देतो किंवा पट्टी कापतो, आणि मग बोर्डच बदलावा लागतो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्यावर चिकटपट्टीने त्या त्या जागी स्क्रू चिकटवावेत. जुन्या उस्तादांकडे आम्ही हे पाहिले आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

दुसरा रोग रेंजचा. राऊटरशेजारी बसले तर चालते, पलीकडच्या खोलीत गेले की जाते. अशी तक्रार दुरुस्तीनंतर आली तर दहापैकी बहुतेक वेळा वायरीच असतात. दोन्ही टोप्या निघालेल्या असल्या तरी दोन-चार फुटांवरचा राऊटर कार्डाला दिसतो. म्हणूनच दुकानात टेबलाजवळच राऊटर ठेवून केलेली तपासणी फसवी ठरते. "उस्ताद, तुमच्याकडे तर चालत होता," असे गिऱ्हाईक म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते, आणि कारागीरही खोटे बोलत नसतो.

पण प्रत्येक वेळी वायरीला दोष देऊ नये. लॅपटॉपच्या पडद्याबरोबर गिऱ्हाइकाने नवी बाहेरची हार्डडिस्क घेतली असेल आणि ती वायफायच्या जवळच्या यूएसबी ३.० च्या खाचेत लावली असेल, तर तिच्यापासून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये अडथळा आणतो. इंटेलने २०१२ साली ह्यावर स्वतःच टिपण प्रसिद्ध केले होते. हार्डडिस्क काढून पाहावी. साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाच्या भिंतीही विसरू नयेत. अशा भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झची लहर दमते, तेथे २.४ चे नाव निवडावे. पूर्वी राऊटरची दोन नावे दिसत आणि आता एकच दिसते, असे गिऱ्हाईक सांगत असेल तर कार्ड बदलले गेले आहे आणि नवे कार्ड फक्त २.४ चे आहे, असे समजावे. आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गंमत दिसते. आपल्याकडे राऊटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर असला तर अमेरिकेसाठी बनलेले कार्ड तो पाहतच नाही. राऊटर १, ६ किंवा ११ वर ठेवला की सुरळीत चालते.

कार्ड बदलायचे झाले तर

सातारा-सांगलीच्या कारागिरांना सुटे भाग बहुधा पुण्याहून, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावे लागतात. चुकीचा भाग आला तर तो परत पाठवण्यात दोन-चार दिवस जातात आणि गिऱ्हाईक तुटते. म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

आकार सारखा असला म्हणजे कार्ड चालते असे नाही. इंटेलची ९५६०, एएक्स २०१, एएक्स २११ ही कार्डे अर्धी आहेत असे समजा. त्यांचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांच्या व चिपसेटांच्या पोटात असतो. ह्या रचनेला सीएनव्हीआय म्हणतात. असे कार्ड एएमडीच्या लॅपटॉपमध्ये टाकले तर खाचेत उत्तम बसेल, पण यंत्राला ते दिसणारही नाही. एएक्स २०० व एएक्स २१० ही कार्डे मात्र पूर्ण आहेत, आणि योग्य खाच असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत चालतात. २०० आणि २०१ ह्यांत एका आकड्याचा फरक आहे, आणि तेवढ्या फरकात कारागिराचा दिवस वाया जातो. मागवताना जुन्या कार्डाचा फोटो दुकानदाराला पाठवावा, तोंडी आकडा सांगू नये.

जुन्या एचपी व लेनोवो यंत्रांत आणखी एक अडसर होता. बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असे आणि यादीबाहेरचे कार्ड दिसले की यंत्र सुरूच होत नसे. थिंकपॅडवर १८०२ आणि एचपीवर १०४ ह्या क्रमांकाची सूचना येई. अशा यंत्रांना त्यांच्याच कंपनीच्या भाग-क्रमांकाचे कार्ड लागते. ती यंत्रे आजही दुरुस्तीला येतात, त्यामुळे क्रमांक लक्षात असू द्यावेत.

काही पातळ लॅपटॉपांत वायफायची चिप बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, बदलता येत नाही. तेथे बोर्ड बदलण्याचा हजारोंचा खर्च सांगण्यापूर्वी यूएसबीचा वायफाय डोंगल सुचवावा. नखाएवढा असतो आणि काही शे रुपयांत मिळतो. एक खाच अडून राहते, हे मात्र गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात राहिलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळीच असते. बोर्ड धुऊन, वाळवून यंत्र सुरू होते, सर्वांना आनंद होतो, आणि काही महिन्यांनी वायफाय अडखळू लागते. पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात माती, मीठ, गटार सगळे असते. टोपीच्या आत आणि अँटेनाच्या पट्टीच्या डागाशी हिरवट गंज चढतो. वरून टोपी चकाकते, आत जोड मेलेला असतो. अशा यंत्रात टोपी काढून आत भिंगाने पाहावे आणि गंज असेल तर वायरीचा जोडच बदलावा. महाबळेश्वर, पाचगणीकडच्या हॉटेलांतून येणाऱ्या यंत्रांतही पावसाळ्यातील दमटपणामुळे असाच गंज संभवतो, फक्त सावकाश.

मिरजेच्या वाद्यांच्या कारखान्यांतून येणाऱ्या लॅपटॉपचा शत्रू पाण्याऐवजी लाकडाचा भुसा. तो पंख्यात भरतो, यंत्र तापते आणि साफसफाईसाठी उघडावे लागते. परगावच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओवर तंबोरा छेडून दाखवायचा आणि तेव्हाच आवाज तुटायचा, म्हणजे ठरत आलेली मागणी जायची. तेव्हा भुसा झटकताना वायरींवर ब्रश फिरवू नये, एवढी काळजी घ्यावी.

घेताना आणि देताना

आता वादाचा मुद्दा. लॅपटॉप देताना वायफाय चालत होते की नव्हते, ह्यावरून जेवढी भांडणे होतात तेवढी मजुरीवरून होत नाहीत. ह्यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

लॅपटॉप हाती घेतला की गिऱ्हाइकासमोर सुरू करावा. दुकानात एक जागा ठरवावी, राऊटरपासून निदान दोन भिंती दूर. रोज तीच जागा. तेथे वायफाय जोडून कमांडच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत "नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" अशी आज्ञा टाइप करावी. समोर आलेल्या यादीत 'सिग्नल' पुढे टक्केवारी असते. समजा ७८ आली. ती नोंदवहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहावी. दुरुस्ती झाल्यावर त्याच जागी पुन्हा पाहावे. ७५ किंवा ८० आली तर ठीक, तेवढा फरक होतच राहतो. ३० आली तर झाकण पुन्हा उघडावे, गिऱ्हाईक यायच्या आत. यंत्र सुरूच होत नसेल आणि आधी तपासणे शक्य नसेल, तर "वायफाय तपासता आले नाही" असे त्याच वहीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

आपल्या हातून वायर निघाली किंवा तुटली असेल तर ती बसवण्याची वेगळी मजुरी घेऊ नये, आणि "कार्ड जळाले होते" असे सांगून नव्या कार्डाचे पैसे तर मुळीच घेऊ नयेत. गिऱ्हाइकाचे यंत्र आपल्याकडे अमानत असते. उलट, वायर आधीच तुटलेली होती हे उघडताना दिसले, तर काम थांबवून फोटो काढावा आणि गिऱ्हाइकाला तत्काळ पाठवावा. नंतर सांगितलेले कोणी मानत नाही.

व्यापाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी हिशेबाच्या फाईलची प्रत पेनड्राइव्हवर काढावी आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवावा. आणि दुरुस्तीच्या पावतीवर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. पावती देत नसतील तर कोऱ्या कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवावेत.